मुंबईहून न्यूयॉर्कला, उत्तरेच्या वाटेनं

दिल्ली मुंबईपेक्षा पूर्वेला आहे, फार नाही, पण आहे. न्यूयॉर्क या दोघींच्याही पश्चिमेला, अटलांटिकपल्याड. तेव्हा न्यूयॉर्कला जाण्यासाठी मुंबई जवळ पडावी, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापासून दिल्लीचं सरळ हवाई अंतर साधारण ११,७५० किलोमीटर आहे आणि मुंबईचं १२,५४० किलोमीटर. पश्चिम किनाऱ्यावर असूनही आपण जवळजवळ आठशे किलोमीटर मागे. कारण न्यूयॉर्कची खरी वाट पश्चिमेला जातच नाही, ती उत्तरेला जाते.

शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीनं जोडली, तर रेघ अरबी समुद्र, अरबस्तान, इजिप्त, सहारा आणि मोरोक्को ओलांडून अटलांटिकमध्ये शिरते. त्या रेघेवरून खरोखर उडत गेलं तर साधारण १४,२०० किलोमीटर होतात. हा नकाशा ज्या पद्धतीनं काढतात ती नकाशाकार मर्केटरनं १५६९ साली खलाशांसाठी आखली. होकायंत्राची दिशा न बदलता कुठून कुठे पोचता येईल, हे त्यावर सरळ रेघेत दिसतं आणि जहाजावर त्याचा फार उपयोग होता. पण सरळ दिसणारी रेघ गोल पृथ्वीवर सर्वांत आखूड नसते. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की दोरा आपोआप वर सरकतो. आपला दोरा मुंबईहून निघून सौराष्ट्र, कच्छचं रण, सिंध आणि क्वेट्ट्याचा परिसर ओलांडून अफगाणिस्तानात शिरतो. पुढे तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग मॉस्कोच्या अगदी जवळून, हेलसिंकीला घासून, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमवरून तो समुद्रावर येतो. आइसलँड आणि फेरो बेटांच्या दरम्यान त्याचा माथा असतो, पासष्टाव्या अक्षांशाच्या आसपास, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडं खाली. तिथून ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर, मेन असं करत तो न्यूयॉर्कला उतरतो. भिंतीवरच्या रेघेपेक्षा ही वाट साडेसोळाशे किलोमीटरनं आखूड आहे. विमानाच्या हिशेबात जवळजवळ दोन तास वाचतात.

पण ही वाट कागदावर जितकी स्वच्छ आहे तितकी आकाशात नाही. प्रत्येक देशाचं जमिनीवर जसं राज्य असतं तसंच डोक्यावरच्या हवेवरही असतं आणि त्या हवेतून जायला परवानगी लागते. २०१९च्या फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्ताननं आपलं आकाश बंद ठेवलं होतं. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल पडल्यावर अफगाणिस्तानवरचं हवाई नियंत्रण कोलमडलं. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवरचं आकाश मिटलं आणि रशियानं युरोप-अमेरिकेच्या विमानांना दार लावलं. भारतीय विमानांना रशिया मोकळा राहिला. मग २४ एप्रिल २०२५पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना पुन्हा वाट नाकारली. दोऱ्यातला एकेक तुकडा असा गळत गेला.

याचा परिणाम मुंबईवर आणि दिल्लीवर सारखा झाला नाही, आणि मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत जास्त विचार करायला लावते. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून ओमान, आखात, तुर्कस्तान असं गेलं आणि इस्तंबूलवरून पुढे युरोपात शिरलं, तर अंतर साधारण १२,८६० किलोमीटर भरतं. म्हणजे वाढ फक्त तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरची. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी उलटं दक्षिणेला, कच्छच्या किनाऱ्यापर्यंत यावं लागलं आणि मग वळसा सुरू झाला. तिचा हिशेब तेरा हजारांच्या पुढे गेला. पृथ्वीगोलावर जवळ असलेली दिल्ली लांब झाली आणि लांब असलेली मुंबई जवळ आली. दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावं लागलं, ते या वळशापायीच.

२०२५च्या हिवाळ्यात मी न्यूयॉर्कला निघाले ते याच बदललेल्या वाटेनं. तिकिटावर जाण्याचा वेळ सोळा तास लिहिला होता आणि परतीचा साडेचौदा. विमानतळ तेच, विमानाचा प्रकार तोच, अंतर तेच. दीड तासाचा हा फरक पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते. ती चूक नाही. आणि तो फरक जिथे तयार होतो ती जागा डोळ्यांनी दिसत नसली, तरी आसनासमोरच्या पडद्यावर आकड्यांत दिसते.

मी उजवीकडची खिडकी मुद्दाम मागून घेतली होती. अमेरिकेला जाताना उत्तर दिशा उजव्या हाताला राहते आणि हिवाळ्यातल्या रात्री आकाशात काही दिसायचं असेल तर ते त्या बाजूला. शेजारी सांगलीहून आलेलं एक जोडपं होतं. मुलगी न्यू जर्सीत, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं. काकूंच्या मांडीवर एक पिशवी होती आणि तिच्यात मेतकूट, भाजणी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. मोठ्या बॅगा खाली गेल्या होत्या, पण ही पिशवी त्यांनी शेवटपर्यंत वर ठेवू दिली नाही. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य लेव्हल, उतार आणि पाण्याचा वेग मोजण्यात गेलेलं. त्यामुळे पडद्यावरचा नकाशा सुरू झाला तशी त्यांची नजर तिथून हलेना. सांगली ते सहार पावणेचारशे किलोमीटर, घाटात खोळंबा धरून त्यांना आठ-नऊ तास लागले होते. त्यानंतर विमानतळावर तीन तास आधी हजेरी. म्हणजे विमान हलण्याच्या आधीच त्यांचा अर्धा दिवस प्रवासात गेला होता, आणि हे तास कुठल्याच तिकिटावर छापलेले नसतात.

तिकिटावर छापलेला वेळसुद्धा उडण्याचा नसतोच. चाकांपुढची अडवणी काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे उभं राहून पुन्हा अडवणी लागली की थांबतं. धावपट्टीपर्यंत रांगेतून जाणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर जागेपर्यंत जाणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी खऱ्या अर्थानं एकच वापरता येते, आणि मध्यरात्रीनंतर आखात, युरोप, अमेरिका अशी सगळ्या दिशांची विमानं एकदमच निघतात. अर्धा तास जमिनीवरच गेला. सोळा तासांतले उडण्याचे पंधरा-साडेपंधरा उरले.

आमचं विमान बोइंग ७७७-३०० ईआर होतं. जास्तीत जास्त ३५१ टन वजन घेऊन ते उडू शकतं आणि इतक्या लांबच्या प्रवासात त्यातले शंभराहून अधिक टन नुसत्या इंधनाचे असतात. तासाला साधारण सात-साडेसात टन जळतात. उडतानाचं वजन इतकं असतं की विमान लगेच हवी ती उंची गाठू शकत नाही. तीस-एकतीस हजार फुटांवर ते बराच वेळ चालतं, इंधन जळून हलकं झालं की दोन हजार फूट वर जातं, आणखी काही तासांनी आणखी वर. काकांना हे टप्पे पडद्यावर ओळखू आले. पुढची उंची कधी बदलेल याचा अंदाज ते काकूंना सांगत होते आणि काकू डोळे मिटून हुंकार देत होत्या.

पहिले काही तास आखातावरचे. ओमानचा किनारा मागे पडल्यावर खाली अंधार असा फारसा राहतच नाही. शहरांचे पिवळे जाळीदार ठिपके, समुद्रात तेलाच्या विहिरींचे दिवे आणि इराकच्या बाजूला जळत्या वायूच्या ज्वाळा. इतक्या उंचीवरूनही त्या दिव्यांहून वेगळ्या कळतात, कारण त्या स्थिर नसतात, लवतात. विमान ज्या इंधनावर चाललं होतं ते जमिनीतून वर येण्याच्या जागेवरूनच आम्ही चाललो होतो. तुर्कस्तानच्या डोंगरांवर मग खरा काळोख आला.

काळ्या समुद्राच्या आसपास काकांनी मला हळूच हाक मारली. पडद्यावर जमिनीच्या मानानं वेग दाखवतात. मुंबई सोडल्यावर तो नऊशेच्या आसपास होता, आता ७८० वर आला होता. ‘‘इंजिनाचा आवाज तर तोच आहे,’’ ते म्हणाले, ‘‘मग वेग कुठे गेला?’’

हवेच्या मानानं तो कुठेच गेला नव्हता. विमान हवेत ज्या वेगानं कापत जात होतं तो तसाच होता, पण ज्या हवेतून ते जात होतं ती हवाच समोरून पूर्वेकडे वाहत होती. मी एवढं सांगितल्यावर पुढचं काकांनीच पूर्ण केलं. ‘‘म्हणजे कृष्णेला पूर आलेला असताना नाव वर न्यायची. वल्ही तेवढीच मारायची, घाट मात्र सरकत नाही.’’ याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे हे अरुंद पट्टे आहेत. उष्ण कटिबंधाची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तफावतीतून ते तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळतात. तफावत हिवाळ्यात जास्त, म्हणून हिवाळ्यात ते जोरकस. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हे नेहमीचं, कधीकधी तीनशेच्या पुढे. त्यांचा पहिला पद्धतशीर माग जपानमधल्या तातेनो वेधशाळेच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात काढला. ते छोटे फुगे सोडत आणि दुर्बिणीनं त्यांचा पाठलाग करत. आपलं काम जगभर पोचावं म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या नव्या, सगळ्यांच्या म्हणून रचलेल्या भाषेत छापलं आणि त्यामुळेच ते फारसं कुणी वाचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर जाणाऱ्या अमेरिकन बी-२९ विमानांना तीस हजार फुटांवर समोरून अचाट वारा लागला, तेव्हा बाकीच्या जगाला त्याची किंमत कळली. ओइशींबद्दल वाचल्यापासून लांबच्या प्रत्येक प्रवासात त्यांची आठवण होते. इतकं चोख काम आणि ते इतक्या सद्भावनेनं चुकीच्या पेटीत पडलेलं.

या वाऱ्यामुळेच मुंबई–न्यूयॉर्कचा वेळ कायमचा एक आकडा नसतो. उड्डाणाच्या काही तास आधी, विमान कंपनीच्या कार्यालयात बसलेली माणसं त्या रात्रीच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन वाट आखतात. समोरून जोराचा पट्टा येणार असेल तर त्याला बगल देऊन दोनशे-तीनशे किलोमीटर जास्तीचे घेतात, कारण लांबची वाट वेळेत आखूड पडू शकते. परत येताना उलट, तोच पट्टा शोधून त्यात शिरतात. फेब्रुवारी २०२०मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ असताना न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान चार तास छप्पन मिनिटांत पोचलं. एरवी त्या प्रवासाला साडेसहा तास लागतात. त्या रात्री जमिनीच्या मानानं त्याचा वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता.

युरोप आम्ही झोपेतच ओलांडला. म्हणजे बाकीच्यांनी. विमानातली हवा कोरडी असते, ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली, आणि दाबही समुद्रसपाटीचा नसतो. बाहेर अडतीस हजार फूट असले तरी आत सहा ते आठ हजार फुटांवरची हवा ठेवलेली असते. कळसूबाईचं शिखर पाच हजार चारशे फूट आहे. म्हणजे सोळा तास आपण कळसूबाईच्याही वर, पाय लोंबकळत ठेवून, जागच्या जागी बसलेले असतो. घसा सुकतो, पाय सुजतात, जेवण बेचव लागतं, ते यामुळे. काकूंनी मात्र सांगलीहून निघतानाच ठरवलेलं असावं. दर दोन तासांनी त्या उठत, मागच्या दारापर्यंत जाऊन येत आणि येताना पेलाभर पाणी घेऊन येत. बाळंतिणीजवळ पोचल्यावर आपण आजारी पडून चालणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आयर्लंड मागे पडलं की अटलांटिकवर जमिनीवरचं रडार पोचत नाही. तिथली वाहतूक दोन केंद्रं वाटून घेतात. तिसाव्या पश्चिम रेखांशापर्यंत स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकहून आणि त्यापुढे न्यूफाउंडलंडमधल्या गँडरहून. वाऱ्याचा अंदाज पाहून ही केंद्रं समुद्रावरचे समांतर मार्ग रोज नव्यानं आखतात. त्यामुळे काल गेलेल्या विमानाची वाट आज गेलेल्या विमानाला मिळेलच असं नाही. दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक अट असते. एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेत कुठेतरी हवा. आइसलँडमधलं केफ्लाविक, लॅब्राडोरमधलं गूस बे आणि गँडर ही नावं त्यासाठी वैमानिकांच्या कागदावर असतात. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेचं आकाश अचानक बंद झालं, तेव्हा एकट्या गँडरवर ३८ मोठी विमानं उतरली. जेमतेम दहा हजार वस्तीच्या त्या गावानं साडेसहा हजारांहून अधिक अनोळखी माणसं काही दिवस शाळांत, सभागृहांत आणि घरोघर सांभाळली. पडद्यावर ते नाव दिसलं की मी त्या बाजूला बघते. दिसत काहीच नाही, बघते मात्र.

पुढे खिडकीत जे दिसलं ते इतकं फिकट होतं की आधी पंखाच्या दिव्याचं प्रतिबिंब वाटलं. उत्तरेला, क्षितिजाच्या थोडं वर, राखी-हिरवट पट्टा. मी अंगावरचं पांघरूण डोक्यावरून घेऊन काचेला नाक लावलं, आतला उजेड बंद झाला तशी हिरवी छटा स्पष्ट झाली. पट्ट्याची खालची कड ठळक आणि वरची विरत गेलेली. दहा-बारा मिनिटांत मधला भाग उंच झाला, दोन-तीन उभ्या रेषा आल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मी काकांना खिडकी दिली. त्यांनी काकूंना उठवलं. तिघांनी आळीपाळीनं पांघरुणात डोकं घालून तो ध्रुवीय प्रकाश पाहिला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया अशी जुनी वाट मोकळी असती, तर आम्ही दहा अंश आणखी उत्तरेला असतो आणि तो कदाचित डोक्यावर दिसला असता.

ही रात्र इतकी लांब का, हे काकूंनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. मध्यरात्रीनंतर दीड वाजता मुंबई सोडली होती, दहा-अकरा तास झाले तरी बाहेर उजाडायचं नाव नव्हतं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर तिच्या पृष्ठभागाचा वेग ताशी १,६७० किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर १,५८०, न्यूयॉर्कच्या १,२७०. उत्तरेला जाल तसा तो उतरतो. आमच्या वाटेचा माथा चोपन्न-पंचावन्न अंशांवर होता, तिथे तो साडेनऊशेच्या आसपास असतो. विमान आठशे-सव्वाआठशेनं पश्चिमेला चाललेलं. म्हणजे पहाट मागून येत होती, पण फार सावकाश गाठत होती. पासष्टाव्या अंशावरून जाणारी जुनी वाट असती तर तिथे पृथ्वीचा वेग सातशेच असतो. विमान त्याहून वेगात असतं, आणि तेवढा वेळ पहाट जवळ यायच्या ऐवजी मागे हटत राहते.

‘‘आणि हे एकशे चाळीस वर्षांपूर्वी?’’ काकांनी विचारलं. ते वाचणारे गृहस्थ होते, त्यांच्या मनात कोण होतं ते त्यांनी लगेच सांगितलं. आनंदीबाई जोशी. १८८३च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, जवळजवळ दोन महिने. अठरा वर्षांच्या, घरचं कुणी सोबत नसताना, शाकाहार सांभाळत. तिथून त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या होत्या. आनंदीबाईंनी पाहिलेल्या बंदरापासून आम्ही चार तासांवर होतो.

विमानानं हे अंतर टप्प्याटप्प्यानं आखूड झालं. जून १९४८मध्ये एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. मे १९६०मध्ये बोइंग ७०७नं लंडनच्या पुढे न्यूयॉर्क गाठलं. न थांबता थेट न्यूयॉर्क मात्र एअर इंडियाला १ ऑगस्ट २००७ला जमलं, कारण त्याआधी सोळा तासांचं इंधन घेऊन, वर भरपूर माणसं घेऊन उडेल असं विमान तिच्याकडे नव्हतं. विमानाचा वेग या सगळ्या काळात फारसा वाढलेला नाही. १९६०चं ७०७ आणि आजचं ७७७ साधारण सारख्याच वेगानं उडतात. वाचलेला वेळ मधल्या थांब्यांचा आहे.

लॅब्राडोरवर मागच्या बाजूला आकाश निवळू लागलं. खाली गोठलेली तळी आणि त्यांच्यामधून काळ्या झाडीच्या रेघा. न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते, तारीख तीच. मुंबईत संध्याकाळचे साडेपाच-सहा. हिवाळ्यात दोन्ही शहरांत साडेदहा तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे सरकतात तेव्हा साडेनऊ. काकूंनी आपलं घड्याळ बदललं नाही. सांगलीत धाकटा मुलगा होता, त्याच्या जेवणाची वेळ त्यांना त्यावर बघायची होती. बाहेर पडताना काकांनी विचारलं, परत कधी यावं म्हणजे प्रवास आटोपशीर होईल. मी म्हटलं, वाऱ्याचा जोर फेब्रुवारी-मार्चपर्यंत चांगला असतो, पण बाळाला सोडून तेव्हा निघवणार नाही तुम्हाला. ते हसले.

मी महिनाभरानं परतले, दुपारच्या विमानानं. या वेळी वेगाचा आकडा बघायला मी तयारच बसले होते. न्यूफाउंडलंड ओलांडताच तो हजाराच्या वर गेला आणि अटलांटिकच्या मध्यावर १,०९० झाला. जाताना तो ७८० पर्यंत उतरला होता, त्याच उंचीवर, तशाच विमानात. तीनशे किलोमीटरचा हा फरक सगळ्या वाटेवर टिकत नाही. तो मधल्या पट्ट्यातच असतो, म्हणून शेवटी दीड तासाचाच फरक उरतो. बाहेरचं तापमान उणे छप्पन. सूर्य आता समोरून येत होता आणि आपण त्याला भेटायला जात होतो, त्यामुळे रात्र जेमतेम सात-आठ तासांची झाली. अटलांटिकवर मावळलेला सूर्य आखाताच्या आधी उगवला. शरीराला हे जड जातं. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो आणि बहुतेकांचं शरीर ते चालवून घेतं, पूर्वेला येताना तो आखडतो. मला मुंबईत आल्यावर आठवडाभर पहाटे तीनला भूक लागायची.

आखातानंतर वेग पुन्हा नऊशेवर आला. आणखी दक्षिणेला तो वारा विरत जातो आणि शेवटची वाट विमानाला स्वतःच्या जोरावर काटावी लागते. अरबी समुद्रावरून मुंबईचा किनारा दिसला तेव्हा पडद्यावर ३५ मिनिटं उरलेली होती, आणि किनारा तर समोरच होता. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो आणि विमान उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन. त्यामुळे पश्चिमेकडून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून पुढे जातं, ठाण्याच्या खाडीपलीकडे जाऊन वळतं आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून पुन्हा पश्चिमेकडे तोंड करून खाली येतं. अटलांटिकवर ज्या विमानानं मिनिटाला अठरा किलोमीटर तोडले, ते इथे मिनिटाला चार-पाच किलोमीटरनं रांगेत चाललेलं असतं. या शेवटच्या वळशात पंधरा-वीस मिनिटं जातात. साडेचौदा तासांच्या आकड्यात ती आधीच धरलेली असतात.